कुव्यातली लंकाबाई

फ्लेक्सखालून पल्लवी दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, गावात आणखी कोणीतरी गेलं.

तिसऱ्या वेळी लेक खांद्यावर किरकिरत होती, म्हणून तिला थोपटत ती सायखेड्याच्या स्टँडपाशी जरा थांबली आणि सहज नाव वाचलं. वै. गं. भा. लंकाबाई. म्हणजे आपली आत्या. पल्लवीने पुन्हा वर पाहिलं. हिरवा शालू, डोक्यावरून पदर, गळ्यात टपोरं मंगळसूत्र, खांदे गोल गुबगुबीत. चेहरा आत्याचा होता खरा, पण इतका गोरा की आत्याला स्वतःला तो ओळखता आला नसता. डाव्या भुवईवरची खोक पुसून टाकली होती. वर मंगळसूत्र आणि खाली गंगाभागीरथी. एकाच बाईला एकाच फ्लेक्सवर सवाष्णही करून टाकलं होतं आणि विधवाही. मुळात आत्याचा नवरा अजून धडधाकट होता. चांदवडकडे कुठेतरी दुसऱ्या बायकोच्या हातचं दोन वेळा जेवत होता.

फ्लेक्सवाला दीपक चौकातच बसायचा. पल्लवी तशीच त्याच्या दुकानात गेली. त्याने बिचाऱ्याने सगळं खरं सांगून टाकलं. काकांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आधार कार्डाची झेरॉक्स दिली होती, दुसरा फोटोच नाही म्हणाले. मग नुसता चेहरा कसा लावणार? कॉम्प्युटरमध्ये बायकांची सहा अंगं तयार असतात, वयस्कर बाईला हिरवा शालू शोभतो, म्हणून तो बसवला. मागच्या महिन्यात दोन गावांत हाच शालू गेला होता, कोणाची तक्रार नव्हती.

"वहिनी, अंग कोण बघतंय," दीपक म्हणाला. "लोकं खाली पुढाऱ्यांचे फोटो मोजतात."

ते अकरा होते.

दुसरा फोटो होता. तो पल्लवीच्या कपाटात, लेकीच्या झबल्यांच्या खाली ठेवला होता. त्यात लंकाबाई तिशीची, लाल साटीनचा शर्ट, काळी पँट, कमरेला रुंद पट्टा, आणि मोटरसायकलवर आडवी बसून दोन्ही हात पसरलेली. मागे उभ्या फळ्यांची भिंत. जत्रेत लाकडी फळ्यांची दोन-तीन पुरुष उंच गोल विहीर बांधतात, लोक तिकीट काढून वर कठड्याशी उभे राहतात, आणि खालून निघालेली गाडी भिंतीवर आडवी होऊन गरगरत त्यांच्या हातांपर्यंत येते. त्याला मौत का कुआँ म्हणतात. गावात नुसतंच कुवा. लंकाबाईने त्या कुव्यात बावीस वर्षं गाडी चालवली.

पल्लवीच्या सासऱ्यांची, रंगनाथांची, ती थोरली बहीण. सतराव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी माघारी आली, आणि विसाव्या वर्षी जत्रेतल्या खेळवाल्यांबरोबर निघून गेली. गुडघा निकामी झाल्यावर परत आली ती भावाच्या घरामागच्या खोलीत राहिली. मधल्या बावीस वर्षांचं घरात एकच उत्तर ठरलेलं होतं: ती मुंबईला नातेवाइकांकडे असायची. गावाला सगळं ठाऊक होतं. पण गावसुद्धा रंगनाथांच्या ओट्यासमोर आवाज खाली करायचं.

पल्लवीने तिला लग्नाच्या वीस वर्षं आधी पाहिलं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिचे वडील हरसूलला प्राथमिक शाळेत मास्तर होते. तिथे आठवडेबाजाराच्या मोकळ्या जागेत एकदा कुवा लागला. सात वर्षांच्या पल्लवीला वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं. पुरुष कठड्यावरून नोटा पुढे करत होते आणि गाडीवरची बाई त्या उडता उडता टिपत होती. बायकांकडे कुठल्या नोटा? एकीने हातातली काचेची बांगडी काढून धरली, एकीने अंबाड्यातलं अबोलीचं फूल. बाईने तेही घेतलं, दातांत धरलं, आणि पुढच्या फेरीला हात सोडून दिले. पल्लवीने केसातली रिबीन सोडून धरली. गाडी आली, वारा आला, जळक्या तेलाचा वास आला, आणि रिबीन गेली. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं की मोठेपणी मी भिंतीवर राहणार.

चार वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, आणि तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जेवणाचं ताट द्यायला गेली. भुवईवरची खोक पाहून तिच्या हातातलं ताट कललं. तिने विचारलं तशी लंकाबाईने तिला आत ओढून दार लावलं.

"हळू बोल गं. तुझ्या सासऱ्याच्या हिशेबानं मी मुंबईला पापड लाटत व्हते."

तेव्हापासून दुपारची भांडी घासून झाली की पल्लवी मागच्या खोलीत जायची. आत्या शौर्याच्या गोष्टी कधी सांगायची नाही. वरून पोरं शेंगांची टरफलं टाकतात आणि ती थेट शर्टात जातात, हे सांगायची. पाऊस पडला की फळ्या फुगतात आणि गाडीखाली बोलायला लागतात, हे सांगायची. गाडी घसरून भुवई फुटली, तर रक्त पुसून पुढचा खेळ केला, कारण लांबून आलेल्या बायका शेवटच्या एसटीआधी खेळ बघायला थांबल्या होत्या. हे मात्र एकदाच सांगितलं. पल्लवीची लेक झाली आणि रात्रंदिवस रडू लागली, तेव्हा आत्या तिला दुखऱ्या गुडघ्यावर घ्यायची आणि तोंडाने गाडी चालू करायची. पहिला गिअर, दुसरा गिअर. तिसऱ्याला पोर झोपायची. पल्लवी भिंतीला टेकून बसायची, आणि त्या अर्ध्या तासात तिला वाटायचं, आपल्याला कोणीतरी आई दिली आहे.

आणि आता ही हिरव्या शालूतली बाई.

संध्याकाळी तिने सासऱ्यांना फोटो दाखवला. रंगनाथ तसे मऊ माणूस. बहिणीचा दवाखाना, औषधं, गुडघ्याचा शेक, काही कमी केलं नव्हतं त्यांनी. पण फोटो त्यांनी हातातही घेतला नाही. दशक्रियेला पंचवटीहून पल्लवीच्या नणंदेसाठी, उज्वलासाठी, सांगून आलेल्या मुलाकडची मंडळी येणार होती. चांगलं स्थळ, मुलगा बँकेत. त्यांच्या कानावर काय घालायचं? मुलीची आत्या पँट घालून जत्रेत गाडी फिरवायची?

"जित्तेपणी सांभाळली तिला," ते म्हणाले. "आता मेल्यावर गावाला खेळ दाखवायचा नाय."

मनोज, पल्लवीचा नवरा, त्याने जेवताना तडजोड सुचवली. दहा दिवस गप्प राहा, मग घरात कुठे लावायचा तिथे तो फोटो लाव. पल्लवी म्हणाली की घरातल्यांना तर आत्या माहीतच आहे, घरात लावून काय करू? त्याने कोशिंबीर वाढून घेतली.

तिला कळत होतं, दहावा दिवस गेला की संपलं. गावात माणूस दशक्रियेला माइकवर जसा सांगितला जातो तसाच पुढे राहतो. मग कोणी विचारलं तर लोक सांगतील, लंकाबाई होय, भली धार्मिक बाई होती.

दहाव्या दिवशी सकाळी गोदावरीच्या घाटावर कावळा पहिल्याच पिंडाला शिवला. पान ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच. बायका पदर तोंडाला लावून म्हणाल्या, तृप्त गेली हो, कसली इच्छा राहिली नव्हती. पल्लवीला त्या कावळ्याचा राग आला. आत्याच्या इच्छा संपल्या नव्हत्या. जायच्या आदल्याच आठवड्यात ती म्हणाली होती की गुडघा बरा झाला तर तुला स्कूटीवर नाही, गिअरच्या गाडीवर शिकवीन. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच.

घाटावरच्या मंडपात प्रवचन झालं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माइक यादव गुरुजींकडे होता. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या चार गावांत दशक्रियेचं सूत्रसंचालन तेच करत. लोक चिठ्ठीवर नाव लिहून पाठवत आणि गुरुजी मानाप्रमाणे पुकारत. पुरुष खुर्च्यांवर, बायका डाव्या हाताला ताडपत्रीवर. पुढच्या रांगेत पंचवटीची मंडळी, मुलाची आई हातरुमालाने वारा घेत बसलेली.

सोसायटीचे चेअरमन म्हणाले, लंकाबाई अत्यंत शांत आणि संयमी होत्या. बायकांमध्ये कोणीतरी खोकलं. मेंबर म्हणाले, त्यांच्या हातच्या पुरणपोळीची चव अजून जिभेवर आहे. पल्लवीने उज्वलाकडे पाहिलं. आत्याने जन्मात पुरणपोळी केली नव्हती. तिची खिचडीसुद्धा करपायची आणि करपलेली ती आवडीने खायची. उज्वलाने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. तिसऱ्याने आयुष्यभर त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नाही असं सांगितलं, आणि गर्दीने मान डोलावली. ज्यांनी तिला चांदोरीत, वणीत, सिन्नरच्या जत्रेत डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीही डोलावली.

मागे, चपलांच्या ढिगाशी, एक म्हातारा उभा होता. उन्हाने रापलेला, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला, हातात झेंडूचा हार. त्याला सकाळपासून कोणी बसा म्हटलं नव्हतं. पल्लवीने पाणी दिलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, मी गोरक्ष, लंकाबाईच्या बरोबरीनं कुव्यात गाडी चालवायचो, धुळ्याहून पहाटेच्या बसने आलोय. आता त्याने एक चिठ्ठी पुढे सरकवली. हातोहात ती गुरुजींपर्यंत गेली. गुरुजींनी वाचली आणि रंगनाथांकडे पाहिलं. रंगनाथांनी मान हलवली, नाही. गुरुजींनी चिठ्ठीची चौकोनी घडी केली आणि खिशात टाकली. मग पुढच्या पुढाऱ्याचं नाव पुकारलं.

म्हातारा वाट पाहत उभाच राहिला. त्याला वाटत होतं, आपला नंबर येईल.

पल्लवी उठली. लेक कडेवर होती. मनोजने दुरूनच हाताने खाली बस अशी खूण केली. उज्वलाने एकदा पुढच्या रांगेतल्या पंचवटीच्या मंडळींकडे बघितलं, एकदा वहिनीकडे, आणि हात पुढे केले.

"दे तिला इकडं," ती म्हणाली. "आणि दमानं बोल. घाईत तुझे शब्द खाल्ले जातात."

पुढारी अजून खुर्चीतून उठत होता, तेवढ्यात पल्लवी माइकपाशी पोचली. गुरुजी गडबडले. बाईमाणसाने दशक्रियेला बोलायचं, असं त्यांच्या चार गावांत अजून घडलेलं नव्हतं, आणि घडलं तर काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मी पल्लवी, या घरची सून. मला चिठ्ठी लिहायला वेळ झाला नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, त्याचा तिला स्वतःलाच राग आला. "माझी आत्या सुगरण नव्हती. शांत तर मुळीच नव्हती, तिच्या शिव्या ज्यांनी खाल्ल्यात ते इथं बसलेत, मी नावं घेत नाही. ती गंगाभागीरथी पण नव्हती. देवळात जायची ती पुजाऱ्याला विचारायला, जत्रेत कुवा कुठं बांधू. माझी आत्या मौत का कुआँमध्ये बावीस वर्षं मोटरसायकल चालवायची. हात सोडून."

रंगनाथ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं आणि गुरुजींनी माइकचं बटण खाली केलं.

स्पीकरमधून एक खरखर आली आणि बंद झाली. मंडपात इतकं शांत झालं की घाटावर कोणीतरी धोतर पिळत होतं त्याचा आवाज आला. पल्लवीने बटणाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. मग माइक बाजूला केला आणि दोन पावलं पुढे आली. आता बोलायचं तर ओरडावं लागणार होतं, आणि ओरडायचं म्हटल्यावर आवाज कापायचा थांबला.

"मी सात वर्षांची असताना हरसूलला तिला बघितलं. तिथं आमच्यासारख्या पोरींना सगळे एकच सांगायचे, जपून चाल, पडशील. ती एकटी बाई होती जी पडण्यासारख्या जागी रोज दहा वेळा जायची आणि वर येऊन आमच्या हातातली फुलं घेऊन जायची. तुम्ही तिला चोरून बघितलंत. तिकीट काढून बघितलंत. आता ती ऐकत नाही म्हणून तिला पुरणपोळ्या लाटायला बसवू नका. आणि ते मागं उभे आहेत ते गोरक्षभाऊ. त्यांची चिठ्ठी गुरुजींच्या खिशात आहे. ती काढा."

कोणी हललं नाही. पल्लवीचं दूध दाटून ब्लाउज ओला व्हायला लागला होता, पण ती तिथून हलणार नव्हती. गुरुजी खिशावर हात ठेवून उभे होते.

तेव्हा ताडपत्रीवरून कलाबाई उठली. सत्तरीची, माहेर चांदोरीचं, चालायला काठी लागणारी. ती माइककडे गेलीच नाही, जागेवरूनच बोलली.

"मी चांदोरीला बांगडी दिलती तिला. हिरवी. घरी जाऊन सांगितलं, हापशावर फुटली." तिने काठी नीट टेकली. "सासूनं मारलं व्हतं त्या दिवशी मला. लंकी दातात बांगडी धरून माझ्याकडं बघून हसली. मला लय बरं वाटलं व्हतं."

मग बायकांमध्ये कुजबुज झाली, आणि कुजबुजीची बडबड. झुंबरबाईने सांगितलं की तिने लग्नाआधी वणीला पाहिलं होतं, भावांना चुकवून. पुरुषांतून कोणीतरी म्हणालं, सिन्नरला तर ती डोळ्याला पट्टी बांधून चालवायची. दुसऱ्याने ते खोडून काढलं, पट्टी गोरक्षची, लंकाबाई हात सोडायची. यावर खुर्च्यांवर वादच लागला. अर्ध्या तासापूर्वी उंबरा न ओलांडलेल्या बाईवर मान डोलावणारी हीच माणसं आता ती कुठल्या सालच्या जत्रेत कुठली गाडी चालवत होती यावर एकमेकांना खोटं पाडत होती. शेवटी गोरक्षच पुढे आला, कारण खरं काय ते त्यालाच माहीत होतं. गुरुजींनी चिठ्ठी काढली नाही, पण बटण वर केलं.

गोरक्ष फार बोलला नाही. तो म्हणाला, आम्ही दोघं उलटसुलट दिशेनं चालवायचो. एवढ्याशा कुव्यात समोरून गाडी येते तेव्हा कोणी कुठं वळायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि माझ्याबरोबरच्या सतरा वर्षांत लंकाबाईनं एकदाही चुकीची बाजू घेतली नाही. म्हणून मी तुमच्यापुढं उभा आहे. हार कुठं घालू? इथं तर तिचा फोटोच नाही.

मंडपात लावलेला हिरव्या शालूचा फोटो त्याच्या समोरच होता.

पंचवटीची मंडळी जेवायला थांबली नाहीत. नंतर कळवतो म्हणाली. मुलाच्या आईने जाताना पल्लवीकडे पाहिलं, त्यात राग होता की आणखी काही ते कळलं नाही. मनोज त्यांना गाडीपर्यंत सोडायला धावला. पल्लवीने लेकीला घ्यायला हात पुढे केले. उज्वलाचं स्थळ आपण मोडलं हे आता तिच्या अंगावर येत होतं.

"कळवू दे की," उज्वला पोरीला तिच्याकडे देत म्हणाली. "मला पण त्यांना काय काय कळवायचंय." पण तिचे डोळे भरलेले होते, आणि ती पटकन पंगतीच्या बाजूला निघून गेली.

रंगनाथ मंडपात नव्हते. ते घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्याकडे तोंड करून बसले होते, डोकं नुकतंच केलेलं, कानामागे साबणाचा पांढरा डाग तसाच. पल्लवी एक पायरी वर थांबली. लेकीला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, मामा, पंगत बसलीय, तुमच्यासाठी थांबलेत.

ते वळले नाहीत.

"तवा डोळे मिटून घ्यायची का ती?" त्यांनी विचारलं. "हात सोडायची तवा."

"नाही. उघडे असायचे."

"मी मिटले व्हते." ते पाण्याशीच बोलत होते. "वणीला गेलतो एकदा. घरी आणायलाच गेलतो तिला. तिकीट काढून वर गेलो. ती खालून आली, माझ्या हातापाशी आली, आणि मी डोळे मिटले. पडंल म्हणून. आवाज बंद होईस्तोवर उघडले नाय. मग तसाच खाली उतरलो, बसमधी बसलो. भेटलो बी नाय."

पल्लवीला एकदम त्यांची कीव आली. इतकी, की वाटलं, झालं तेवढं पुरे, आता नमतं घ्यावं, चुकलं म्हणावं, ताटावर बसवावं त्यांना. लेक शांतपणे पीत होती. तिने चुकलं म्हटलं नाही.

"तेराव्याला फोटो बदलायचा, मामा. स्टँडवरचा पण."

"पँटीतला?"

"पँटीतला. आणि नाव नुसतं लंकाबाई. बाकीचं काही नको. ते अकरा जण पण नकोत."

रंगनाथांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं. डोळे लाल होते, पण आवाज व्यवहाराचा.

"दीपक छापणार नाय तसा. पुढाऱ्यांना वगळलं तर त्याचं दुकान चालू देतील का?"

"मग नाशिकहून आणते छापून," पल्लवी म्हणाली, आणि लेकीला एका हाताने सावरत, तिथेच पायरीवर उभ्या उभ्या फोनमध्ये नंबर शोधू लागली.